मोबाइलमधला जिना गावातल्या घरात बसवताना

पुतण्याने नव्या घराचा पाया खोदायच्या आधीच जिन्याचा फोटो निवडून ठेवला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीतून निघालेल्या लाकडी फळ्या, खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही, वरून काचेतून ऊन पडतंय. मिस्त्रीने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "भाऊ, याच्यात जिनाच दिसते. चढनारा कुठीच दिसत नाही."

पुतण्या नाराज झाला. पण वेगळा जिना गावात होतच नाही, असं मिस्त्रीचंही म्हणणं नव्हतं. त्याने स्वतः आमच्या भागात दोन-तीन भन्नाट जिने केले आहेत. वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात गेली काही वर्षं मी लोकांच्या घरांच्या कामावर उभा असतो. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितो.

कवेलूच्या घरात जिना नव्हताच. आटाळ्यावर, म्हणजे माळ्यावर, चढायला निसणी लावायची आणि काम झालं की ती भिंतीला आडवी टांगायची. स्लॅबची घरं आली तसा जिना आला, पण बहुतेक घरांत तो उरलेल्या जागेत आला. हॉल, स्वयंपाकघर, देवघर बसवून जी पट्टी उरली तिच्यात तो कोंबला. म्हणून गावोगावी नऊ-नऊ इंच उंच पायऱ्यांचे जिने दिसतात आणि म्हातारी माणसं एकदा खाली उतरली की वर जायचं नाव घेत नाहीत.

१. आधी लिहून काढा: या जिन्यावरून काय काय जाणार

शहरातल्या घरात जिन्यावरून माणसं जातात. आपल्याकडे उन्हाळा लागला की गहू, मिरच्या, तुरीची डाळ गच्चीवर जाते. कुरड्या, सरगुंडे, पापड यांच्या परातीच्या पराती जातात, म्हणजे चढणाऱ्या बाईचे दोन्ही हात अडकलेले आणि परातीमुळे पायाखालचं दिसत नाही. मे महिन्यात गाद्या आणि खाटा वर जातात, पहाटे झोपेच्या डोळ्यांनी खाली येतात. कधी ना कधी पाण्याची टाकी जाते. सोयाबीनचं बियाणं वरच्या खोलीत ठेवायचं असेल तर डोक्यावर पोतं घेतलेला माणूस जातो आणि त्याला डोक्यावर आणखी फूटभर मोकळं लागतं.

ही यादी खरोखर कागदावर लिहा. घरातल्या बायकांना विचारून लिहा. माझा अनुभव असा की पुरुष जिन्याचा फोटो पाहतात आणि बाया जिना वापरतात. यादी झाली की कळतं की आपल्याला बहुधा एक नाही, दोन जिने लागतील: एक कामाचा, धड सरळ, आणि दुसरा हौसेचा, छोट्या खोलीपुरता किंवा आटाळ्यापुरता. हौस दुसऱ्यावर फेडली की पहिल्यावर भांडणं होत नाहीत.

२. पायरीचा हिशेब

पायरीची उंची दुप्पट करा, त्यात पायरीची रुंदी (पाऊल टेकतं ती पुढून मागची जागा) मिळवा. उत्तर २४ ते २५ इंचांच्या आसपास आलं पाहिजे. माणसाच्या पावलाच्या लांबीवर बसवलेला हा नियम सतराव्या शतकातल्या ब्लोंडेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाचा आहे आणि अजून कोणी त्याला हरवलेलं नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच धरली आहे. डोक्यावर २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट मोकळं हवं.

उदाहरण करून बघू. तळमजल्याची खोली आतून दहा फूट, वर पाच इंचांचा स्लॅब. एकूण चढ १२५ इंच. तो १८ ने भागला तर पायरी सात इंचांच्या आत येते. साडेदहा इंच रुंदी धरली की सात दुणे चौदा अधिक साडेदहा, साडेचोवीस. झकास. इथे घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, पायऱ्या विषम हव्यात. हुज्जत घालू नका, १९ करा. पायरी साडेसहा इंचांवर येते, रुंदी अकरा घ्या, म्हाताऱ्यांचे गुडघे दुवा देतील. सतरासुद्धा नियमात बसतात, पण साडेसातच्या काठावर जातात. परंपरा आणि गुडघे दोन्ही खूश होत असतील तर तक्रार कशाला?

आता जागा. अठरा चढांच्या सरळ जिन्याला सतरा पाट (पाय ठेवायच्या आडव्या जागा) लागतात, कारण शेवटचं पाऊल स्लॅबवरच पडतं. म्हणजे जवळपास पंधरा फूट लांबी. मध्ये वळवून दोन भागांत केला तर आठ पाट सात फुटांत बसतात, अधिक तीन फुटांचं लँडिंग: दहा फूट लांब आणि साधारण साडेसहा फूट रुंद जागा. एवढी जागा नकाशात आधी राखून ठेवा, मग हॉल किती मोठा ते ठरवा.

३. विटांवर चढून बघा

हे काम कोणी करत नाही, आणि मी मात्र प्रत्येकाला करायला लावतो. जिथे जिना येणार त्या भिंतीवर (भिंत नसेल तर जुन्या घराच्या भिंतीवर) खडूने पायऱ्या आखायच्या, खऱ्या मापाच्या. मग जमिनीवर विटा आडव्या रचून वर फळी टाकायची आणि तीन पायऱ्या उभ्या करायच्या. दोन विटा आणि एक जाड फळी मिळून साधारण सात इंच होतात.

पुतण्याच्या अंगणात असंच केलं. आधी त्याच्या मनातली आठ इंची पायरी रचली. तो दोनदा टणाटण चढला. मग आमच्या काकूला हातात रिकामं घमेलं देऊन चढायला सांगितलं. तिने पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, दुसऱ्या पायरीसाठी लुगडं आवरायला हात मोकळा नाही म्हणून थांबली आणि डावा पायसुद्धा पहिल्याच पायरीवर आणून ठेवला. प्रत्येक पायरीवर दोन पाय. उतरताना तिने घमेलं पुतण्याच्या हातात दिलं आणि भिंतीला धरून आडवी उतरली. आम्ही फळी काढून सात इंचांची पायरी रचली, तशी ती न थांबता वर गेली आणि वरून विचारलं, "आता काहून थांबले? बाकीच्या पायऱ्या कुठी हायेत?"

आठ इंच तिथेच बाद झाले. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

४. काळी माती जिन्याला वेगळं पाडते

बाहेरून जाणारा जिना गावात सोयीचा असतो. वर भाडेकरू ठेवता येतो, गच्चीवर जायला घरातून चिखलाचे पाय न्यावे लागत नाहीत. पण आपली भारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा जिन्याच्या पायाखालीही पडतात.

माझ्या स्वतःच्या घराचा जिना याचा नमुना आहे. घराचा पाया मुरूम लागेपर्यंत नेला, आणि जिना काय, नंतर लावू म्हणून दोन फूट खड्ड्यात पहिली पायरी बसवली. तिसऱ्या उन्हाळ्यात जिना आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली. पावसाळ्यात ती थोडी मिटते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. कोणाला दोष देऊ? घाई माझीच होती.

तेव्हा दोन्हीपैकी एक करा. जिन्याचा पाया घराइतकाच खोल न्या आणि जोत्याच्या बीमशी सळईने बांधून टाका. किंवा जिना घरापासून पूर्ण सुटा उभा करा, मध्ये अर्धा-एक इंच फट मुद्दाम ठेवा आणि ती पत्र्याच्या पट्टीने झाका. अर्धवट जोडलेला जिना सगळ्यात वाईट. माती फारच खोल असेल तर खाली फुगीर गोळा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब, घेतात. काळ्या मातीसाठी हे तंत्र रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवलं. ते इंजिनिअरला विचारूनच करा. जिन्याजवळ कूलरचं आणि न्हाणीचं पाणी मुरू देऊ नका.

५. आता हौस: काय काय करता येतं

सगळ्यात आधी मला आवडणारा प्रकार सांगतो, कारण तो स्वस्त आहे आणि आपला आहे: बैठकीच्या पायऱ्या. जिन्याचा खालचा भाग रुंद करायचा, पारासारखा. पायरी सात इंचांची, म्हणजे दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, ही टेकायला जवळजवळ ओट्याची उंची. म्हणून जिन्याच्या एका बाजूला दर दोन पायऱ्यांना मिळून एक रुंद टप्पा काढायचा. सपरीत (पडवीत) किंवा अंगणाच्या कडेला असा जिना केला तर संध्याकाळी तिथे माणसं बसतात, दिवसा तूर निवडली जाते. पायऱ्या नुसत्या ये-जा करायला नसतात हे आपल्याकडे नवीन नाही. दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सात मजली पायविहीर एकदा बघून या, मग जिन्याचा विचार वेगळा होतो.

तरंगता जिना, म्हणजे पुतण्याच्या फोटोतला. प्रत्येक पायरी एका टोकाने भिंतीत रोवलेली असते आणि दुसरं टोक मोकळं असतं. मोकळ्या टोकावर माणूस उभा राहिला की भिंतीतलं टोक उचकटायला बघतं. हिशेबात या मोकळ्या टोकावर १३० किलो धरतात. नऊ इंची विटेच्या भिंतीत फळ्या खोचून हे कधीही करू नका. भिंतीत तिरपा काँक्रीट बीम किंवा लोखंडी सांगाडा आधी उभा करावा लागतो, पायऱ्या त्यातून निघतात, मग वरून विटा आणि प्लास्टर. भिंत उभी झाल्यावर "आता तरंगता करू" असं म्हणता येत नाही. याची सोपी बहीण जास्त कामाची: पायरीचं एक टोक भिंतीत, दुसरं टोक वरच्या स्लॅबला लोखंडी सळयांनी टांगलेलं. दिसतो तरंगताच, आणि सळया जवळजवळ घेतल्या की कठडाही झाला. पुतण्याला आम्ही शेवटी वरच्या छोट्या खोलीसाठी हाच करून दिला.

घडीचा जिना. कागदाचा पंखा घडी करून धरावा तसा, खालून बघितलं तरी पायऱ्याच दिसतात. काँक्रीटमध्ये होतो, दिसतो फार सुरेख. मात्र सळई प्रत्येक घडीत वाकवावी लागते आणि सेंट्रिंगचं काम दुप्पट. सुतार आणि लोखंडवाला दोघेही जरा जिद्दीचे असतील तरच हात घाला, नाही तर काँक्रीट कोपऱ्यात उतरत नाही आणि त्यात भोकाभोकांची जाळी पडते.

एका कण्याचा जिना: मधोमध एक जाड लोखंडी चौकोनी पाइप तिरपा, त्यावर पाट्या आणि वर लाकूड. वेल्डिंगवाला तालुक्याला मिळतो, म्हणून हा आपल्याकडे सहज होतो. पायऱ्यांमधून आरपार दिसतं, हवा खेळते. त्याच आरपारपणाची म्हाताऱ्यांना भीती वाटते आणि लहान मूल त्यातून निसटू शकतं, म्हणून प्रत्येक पायरीच्या मागे एक पट्टी लावून फट चार इंचांच्या आत आणा.

गोल जिना गावात सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांचा चुकतो. चार फुटांचा गोल करून टाकतात. संहितेत निदान दीड मीटर, म्हणजे पाच फूट व्यास सांगितला आहे. पाच फुटांच्या गोलात एका फेरीला बारा पायऱ्या घेतल्या तर मधल्या खांबाच्या मध्यापासून वीस इंचांवर पायरीची रुंदी साडेदहा इंच मिळते. माणूस तिथूनच चालतो, खांबाजवळ नुसतं टोक उरतं. यावरून खाट जात नाही, गादीसुद्धा भांडत जाते. टाकी बघायला गच्चीवर जाण्यापुरता ठीक. एकुलता एक जिना गोल करू नका.

एकाआड एक पावलांचा जिना आटाळ्यासाठी उत्तम: डाव्या पायाची फळी डावीकडे, उजव्याची उजवीकडे, म्हणून अर्ध्या जागेत चढ संपतो. पहिलं पाऊल चुकलं तर पुढची सगळी चुकतात, त्यामुळे घरातल्यांपुरताच ठेवा.

आणि कपाटाचा जिना. जपानमध्ये जुन्या घरांत जिनाच कपाट असायचा, प्रत्येक पायरीखाली खण. आपल्याकडे जिन्याखाली अंधारी पोकळी ठेवतात आणि तिथे विंचू राहतो. त्यापेक्षा दारं लावून खण करा, धान्याच्या कोठ्या बसवा. फवारणीची औषधं मात्र तिथे नकोत, घरातच नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली ठेवणार असाल तर जाळीचं दार लावा, चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेऊ शकतो.

६. ऊन, लोखंड, लाकूड

फोटो बहुतेक थंड मुलखातले असतात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरच्या लोखंडी जिन्याचा कठडा दुपारी हाताला पोळतो, अनवाणी पायाचं तर विचारूच नका. वीस फूट लांब लोखंडी जिना हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट वेल्ड केली तर गच्चीच्या कठड्याचं प्लास्टर तडकतं. एका टोकाला बोल्टसाठी लांबट भोक ठेवा. पश्चिमेकडून विटेची जाळीची भिंत घातली तर सावली मिळते आणि जिना दिसतोही देखणा.

आतला जिना वरच्या तोंडाला उघडा ठेवला की रात्री घरातली गरम हवा तिथून निघून जाते. दुपारी मात्र तिथूनच झळ उतरते. वर उघडझाप करता येणारी खिडकी ठेवा, काचेचं छप्पर नको.

लाकूड म्हणजे सागवान, आणि सागवान म्हणजे चंद्रपूर-आलापल्लीचं. अयोध्येच्या राममंदिरालाही इकडचंच गेलं. डेपोतून घ्या, वाहतुकीचा परवाना सांभाळून ठेवा. धुऱ्यावरचं स्वतःचं सागाचं झाड तोडायलाही परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. साग परवडत नसेल तर लोखंडी पाटीवर पातळ लाकूड चालतं. लाकूड जमिनीला टेकवू नका, खाली दगडाची किंवा काँक्रीटची एक पायरी द्या, नाहीतर उधई वर चढलीच. फरशीत कोटा चांगला, पण बाहेर घ्यायचा तर पॉलिश न केलेला. गुळगुळीत टाइल्स बाहेरच्या जिन्यावर लावल्या तर पहिल्याच पावसात कोणीतरी आपटतं.

७. स्लॅबच्या दिवशी या तीन गोष्टी बघा

पहिली, पहिली आणि शेवटची पायरी. मिस्त्री काँक्रीटमध्ये सगळ्या पायऱ्या सारख्या करतो. मग खाली हॉलमध्ये मसाला आणि टाइल्स मिळून दोन इंच चढतात आणि पायरीवर फक्त एक इंच. झालं, पहिली पायरी सहा इंचांची उरली आणि बाकी सात. वर उलट घोळ. माणसाचा पाय दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि तिसरीला डोळे मिटून टाकतो, म्हणून एवढ्याशा फरकानेच ठेच लागते. खालची फरशी, पायरीची फरशी आणि वरची फरशी, तिन्हींची जाडी आधी ठरवा आणि काँक्रीटची उंची त्यावरून काढा. तयार फरशीच्या पातळीची रेघ भिंतीवर रंगाने मारून ठेवा, खडूची पुसली जाते.

दुसरी, सळई. जिना वर चढून लँडिंगला मिळतो तिथे खालच्या बाजूला एक आतला कोपरा होतो. खालची सळई त्या कोपऱ्यातून सरळ वाकवून नेली तर वजन आल्यावर ती ताठ व्हायला बघते आणि कोपऱ्याचं काँक्रीट फोडून खाली येते. ती सळई सरळ वर स्लॅबच्या वरच्या थरापर्यंत न्यायची आणि लँडिंगची सळई तिला कात्रीसारखी छेदून घ्यायची. लोखंडवाल्याला "कात्री मारली का?" एवढं विचारा, तो समजतो.

तिसरी, पाणी. उन्हाळ्यात काँक्रीट दुपारी टाकू नका. तिरप्या जिन्यावर पाणी थांबत नाही, म्हणून ओले बारदाने अंथरून निदान दहा दिवस, मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा दिवस सतत भिजवा. खालच्या टेकूच्या बल्ल्या लवकर काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, तुम्हाला नको. चौदा दिवस राहू द्या.

८. कठडा आणि उजेड

कठडा तीन फूट उंच, उभ्या सळयांतली फट चार इंचांपेक्षा कमी. आडव्या सळया फोटोत छान दिसतात, पण पोरांसाठी ती निसणीच. दिव्याला खाली-वर दोन्हीकडून लागणारं बटण घ्या आणि लोडशेडिंगसाठी एक बॅटरीचा दिवा लँडिंगवर ठेवा. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाची दोन बोटांची पट्टी ओढली तर रात्री गादी घेऊन उतरणाऱ्याला कड दिसते. डिझायनर याला नाक मुरडेल, मुरडू द्या.

राहिलं एकच. कठडा वेल्ड करायच्या आधी दिवाण आणि मोठं कपाट वर नेऊन ठेवा. आमचा दिवाण लँडिंगच्या वळणावर अडकला, दोन दिवस तिथेच राहिला आणि परत खाली आला. आता तो सपरीत आहे आणि काकू त्यावरच निजते.